आधी नाव विचारा, मग हाक मारा

शनिवारी सकाळी लोणावळ्यात उतरलेल्या माणसाला स्टेशनापासून मुक्कामापर्यंत किती नाती चिकटतात, याला गणती नाही. रिक्षावाला ‘अंकल’ म्हणतो, चिक्कीच्या दुकानातून ‘दीदी’ अशी हाक येते, पवनेकाठचा तंबूवाला फोनवरच ‘ब्रो’ करतो आणि बंगल्याचा केअरटेकर ‘सर, मॅडम’ करत सामान उचलतो. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण समोर इंग्रजी हीच मातृभाषा असलेला पाहुणा आला की हेच शब्द अडखळतात. कार्ल्याच्या पायऱ्यांवर पन्नाशीचा दुकानदार साठीच्या इंग्रज बाईंना ‘आँटी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात आदरच असतो. बाईंना मात्र वाटते, हा आपल्याच वयाचा गृहस्थ आपले वय कशाला काढतो आहे?

मावळात असे प्रसंग आता नवलाईचे राहिलेले नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात परदेशी साधक योग शिकायला येतात. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ब्रिटिश जेसीबी आहे, कोरियन ह्युंदाई आहे आणि फुलशेतीतून परदेशी जाणारे गुलाबही आहेत. जुलै 2025 मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबापासून कारखान्यातल्या सुपरवायझरपर्यंत अनेकांना माणसांविषयी इंग्रजीत बोलावे लागते. व्याकरण बरे असते, शब्दही पाठ असतात. घोटाळा होतो तो माणसाला काय म्हणावे इथेच.

त्याचे कारण साधे आहे. मराठीत मान क्रियापदातच बसलेला असतो. ‘ये’, ‘या’, ‘यावे’ एवढ्यावरून, नाव न घेताही पायरी कळते. इंग्रजीतही काही शतकांपूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता. तो गळून पडला आणि लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. मान द्यायचा की सलगी करायची, याचा सगळा भार मग नावावर आणि नावाआधीच्या उपाधीवर आला. आपण अनोळखी माणसाला नात्यात ओढून मान देतो; इंग्रजी बोलणारा त्याचे नाव नीट घेऊन देतो.

‘सर’ किती वेळा म्हणावे?

अनोळखी पुरुषाला हॉटेलात किंवा दुकानात ‘सर’ म्हटले तर कुठेही बिघडत नाही. बाईंच्या बाबतीत जरा जपून. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘मॅम’ हा लहानपणापासून अंगी बाणवलेला शिष्टाचार आहे. न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाकडच्या तिशीतल्या तरुणीला मात्र तोच शब्द आपल्याला पोक्त ठरवतो असे वाटू शकते. ब्रिटनमध्ये ‘मॅम’ म्हणतात ते मुख्यतः राणीला आणि पोलीस किंवा सैन्यातल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्याला. तेव्हा स्वागताला एकदा ‘गुड मॉर्निंग, मॅम’ पुरे. दर वाक्याच्या शेपटाला ‘येस सर’, ‘ओके सर’, ‘थँक यू सर’ लावण्याची आपली सवय ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश माणसाला अवघडून टाकते. कधी तर ही थट्टा आहे की काय, अशी शंकाही येते.

नोंदणी करताना नाव कळले की उपाधी आडनावाला लावावी. ‘मिस्टर डेव्हिड’ हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे, पण डेव्हिड विल्सन हे पूर्ण नाव असेल तर ‘मिस्टर विल्सन’ म्हणायचे. विल्सन स्वतःच म्हणाले, ‘प्लीज, कॉल मी डेव्हिड’, तर त्यानंतर नुसते डेव्हिडच म्हणावे. वयाने मोठ्या माणसाला एकेरी नावाने हाक मारताना मराठी जीभ अडते आणि मग ‘डेव्हिड सर’ असा मधला मार्ग निघतो. भारतात मुरलेल्या परदेशी माणसाला तो कळतो. नवख्याला मात्र आपण केलेली विनंती मानली गेली नाही असे वाटते.

कोरियन आणि चिनी नावांत आडनाव आधी येते. चीनच्या अध्यक्षांचा उल्लेख ‘प्रेसिडेंट शी’ असा होतो, ‘प्रेसिडेंट जिनपिंग’ असा होत नाही, तो यामुळेच. शंका असेल तर ‘व्हॉट शुड आय कॉल यू?’ असे सरळ विचारावे. यात काही गैर नाही.

लक्ष वेधून घ्यायचे असेल तर ‘एक्सक्यूज मी’ हा सर्वांत बिनधोक शब्द. ‘हॅलो लेडी’, ‘ओ मिस्टर’ किंवा ‘फॉरेनर’ या हाका अंगावर आल्यासारख्या वाटतात. पाचसहा जणांच्या घोळक्याला ‘गाइज’ म्हणण्याची फॅशन आहे. 1605 मध्ये ब्रिटिश संसद उडवण्याच्या कटात पकडलेल्या गाय फॉक्सच्या नावावरून आलेला हा शब्द आता स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, पण ज्येष्ठ पाहुण्यांसाठी ‘एव्हरीवन’ बरा. ‘बडी’ आणि ‘पाल’ हे मित्राचे शब्द आहेत. अनोळखी माणसाला, तेही पार्किंगवरून वाद चाललेला असताना म्हटले तर ते दमदाटीचे वाटतात.

मिसेस ट्रेडवेल आणि सर जॉर्ज

उपाध्या समजून घ्यायला मावळकरांना लांब जावे लागत नाही. खंडाळ्याच्या घाटातच त्यांची शाळा आहे. बोरघाटातील रेल्वेचे काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले आणि एप्रिल 1863 मध्ये घाटातील मार्ग खुला झाला. त्या काळच्या कागदांत ती असते ‘मिसेस ट्रेडवेल’, म्हणजे ट्रेडवेल यांची पत्नी.

आजची ॲलिस बहुधा ‘मिझ’ पसंत करील. ‘मिस्टर’वरून जसे पुरुषाचे लग्न झाले आहे की नाही ते कळत नाही, तसेच ‘मिझ’वरून स्त्रीचेही कळत नाही. अमेरिकेत 1970च्या दशकात ही उपाधी रुजली. न्यूयॉर्क टाइम्सने ती 1986 मध्ये स्वीकारली. परदेशी ग्राहक बाईंना ईमेल लिहिताना ‘डिअर मिझ’ आणि पुढे आडनाव, ही आज सुरक्षित वाट आहे. बाईंनी स्वतःच सहीत ‘मिसेस’ लिहिले असेल तर मात्र तेच वापरावे. ‘रिस्पेक्टेड सर’ हा शाळेतल्या अर्जातला मायना, तो परदेशी पत्रात नको. ‘डिअर मिस्टर विल्सन’मध्ये पुरेसा मान आहे.

‘सर’ ही पदवी असते तेव्हा नियम उलटतो. वळवण धरणाची कोनशिला 1911 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांनी बसवली. त्यांचे नाव सर जॉर्ज क्लार्क. उल्लेख ‘सर जॉर्ज’ असा होतो, ‘सर क्लार्क’ असा कधीच नाही. पुढे ते उमराव झाले आणि ‘लॉर्ड सिडनहॅम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुने फलक परदेशी पाहुण्यांना वाचून दाखवणाऱ्या गाइडने ही दोन नावे एकाच माणसाची आहेत हे लक्षात ठेवावे.

लोणावळ्यात 1945 पासून आयएनएस शिवाजी हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे हुद्द्यांचाही गोंधळ होतो. नौदलातला कॅप्टन हा भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा; भूदलातल्या कॅप्टनची बरोबरी नौदलातल्या लेफ्टनंटशी. निमंत्रणपत्रिकेवर ‘कॅप्टन’पुढे कंसात दल लिहितात ते यासाठी.

दवाखान्यात आणखी एक गाठ आहे. ब्रिटनमध्ये शल्यचिकित्सकाला ‘डॉक्टर’ न म्हणता ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणण्याची जुनी प्रथा आहे. तेव्हा इंग्रज रुग्णाने आपल्या सर्जनचा उल्लेख ‘मिस्टर’ असा केला तर तो डॉक्टरच नव्हे असा अर्थ काढू नये. आपल्याकडे प्रत्येक नर्स ‘सिस्टर’ असते. ब्रिटनमध्ये ‘सिस्टर’ म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका आणि अमेरिकन माणसाला तो शब्द जोगिणीचा वाटतो. ‘द नर्स’ म्हणावे, शक्यतो तिच्या नावासह.

स्टॅग, फॅमिली आणि पब्लिक

काही इंग्रजी शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचा अर्थ इथलाच झाला आहे. ‘माझे मिस्टर पुण्याला गेलेत’ हे मराठी म्हणून अस्सल आहे. इंग्रजीत मात्र ‘माय हजबंड’ म्हणावे. ‘फॅमिलीला घेऊन येतो’ यात फॅमिली म्हणजे फक्त बायको असू शकते. इंग्रज पाहुणा ‘फॅमिली’ म्हणाला तर मुलांचे पलंगही लावून ठेवावेत. ‘आज पब्लिक फार आहे’ याचे ‘टू मच पब्लिक’ करू नये, ‘इट्स व्हेरी क्राउडेड’ म्हणावे. ‘पॅक्स’ हा हॉटेल व्यवसायातला हिशेबाचा शब्द आहे. तो रजिस्टरात ठीक, पाहुण्याच्या तोंडावर ‘हाऊ मेनी गेस्ट्स?’ बरे.

सर्वांत मोठी गंमत होते ती पवनेकाठच्या तंबूंच्या आणि तुंगार्लीच्या बंगल्यांच्या जाहिरातींत. ‘स्टॅग नॉट अलाउड’, ‘नो बॅचलर्स’ अशा पाट्या आणि पोस्ट सर्रास दिसतात. मालकाला सांगायचे असते, की नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला जागा मिळणार नाही. ब्रिटिश माणसाला ‘स्टॅग’ म्हटले की लग्नाआधीची नवरदेवाची पार्टी आठवते. ‘बॅचलर’ म्हणजे तर फक्त अविवाहित पुरुष. एकटाच फिरायला निघालेला पन्नाशीचा अविवाहित प्राध्यापक ही पाटी वाचून माघारी फिरेल आणि चार विवाहित दोस्त बिनदिक्कत बाटल्या घेऊन येतील. जे म्हणायचे आहे तेच सरळ लिहावे: ‘वुई डू नॉट टेक ऑल-मेल ग्रुप्स’. एकटा प्रवासी चालत असेल तर ‘सोलो ट्रॅव्हलर्स वेलकम’ हेही जोडावे.

काम करणाऱ्यांना काय म्हणावे?

‘बॉय विल ब्रिंग द टी’ असे सांगितल्यावर पंचेचाळिशीचा, मिशा पिकलेला गृहस्थ ट्रे घेऊन येतो. अमेरिकेत मोठ्या माणसाला ‘बॉय’ म्हणणे हा केवळ विनोद राहत नाही. गुलामगिरीच्या काळापासून गोऱ्यांनी काळ्या पुरुषांना त्याच शब्दाने हिणवले, त्यामुळे आफ्रिकन-अमेरिकन पाहुण्यासमोर तो फार झोंबतो. ‘रूम बॉय’ऐवजी ‘रूम अटेंडंट’ किंवा ‘हाउसकीपिंग’, ‘सर्व्हंट’ऐवजी ‘हेल्पर’ म्हणावे. घरकाम करणाऱ्यांसाठी ‘डोमेस्टिक वर्कर’ हा शब्द आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या करारातही आहे. आणि सर्वांत चांगले म्हणजे नाव घ्यावे: ‘संतोष विल ब्रिंग द टी’. आपल्या कार्यालयातला ‘प्यून’ हे एक पद आहे. अमेरिकन कानांना ‘पीऑन’ म्हणजे राबवून घेतलेला, किंमत नसलेला माणूस. परदेशी सहकाऱ्याला ओळख करून देताना ‘ऑफिस असिस्टंट’ म्हटले तर प्रश्न उरत नाही.

‘कुली’ या शब्दाचे मूळ दुखणे घाटाने पाहिले आहे. बोरघाटाच्या कामावर एके काळी 40 हजारांहून अधिक मजूर होते. ॲलिस ट्रेडवेलचे नाव राहिले; हे मजूर मात्र ‘कुली’ आणि ‘नेटिव्ह’ या दोन शब्दांत गडप झाले. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. तिथे, कॅरिबियन बेटांवर आणि फिजीमध्ये ही आजही भारतीय वंशाच्या माणसाला दिलेली शिवी आहे. आपल्या फलाटावर तो शब्द बोलण्यात सहज येतो, तरी 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा झाली. त्रिनिदादहून आलेल्या भारतीय वंशाच्या पाहुण्याला ‘आय विल कॉल अ कुली’ म्हणण्याआधी थांबावे. ‘पोर्टर’ हा शब्द सगळीकडे कळतो.

गाइडसाठी चार शब्द

कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांत माणसांची ओळख करून देण्याची सुरेख पद्धत दिसते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, धेनुकाकटचा सुतार सामी: नाव, गाव आणि धंदा. काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. इथे गाइडची गफलत होते. पुढच्या काळातील मराठी बखरींमुळे ‘यवन’ म्हणजे ‘मुस्लिम’ असे डोक्यात बसलेले असते आणि तेच भाषांतर पाहुण्यांना ऐकवले जाते. हे लेख इस्लामच्या उदयाआधी काही शतकांचे आहेत. तिथे यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. ‘ग्रीक्स, ऑर वेस्टर्नर्स’ असे सांगावे.

लोहगडावर दुसरा शब्द येतो: ‘मराठा’. वारसा यादीतील नाव ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ असे आहे आणि तिथे तो शब्द राज्याचा आणि लष्करी परंपरेचा आहे. आज तो एका समाजाचेही नाव आहे. मराठी बोलणाऱ्या सगळ्यांसाठी ‘महाराष्ट्रियन’ किंवा ‘मराठी स्पीकर्स’ म्हणावे. नाहीतर गडावर लढलेल्या इतर जातीजमातींचे लोक श्रोत्याच्या मनातून गळून जातात. मावळ्यांना ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात ‘मावुली’ या धाटणीच्या स्पेलिंगने लिहिले आहे. ‘ट्रायबल सोल्जर्स’ असे मोघम भाषांतर करण्यापेक्षा ‘मावळाज, सोल्जर्स फ्रॉम धिस व्हॅली कंट्री’ म्हटले की पाहुणा समोरच्या डोंगराकडे बघूनच समजतो.

तिसरा शब्द कातकरी वस्तीजवळून जाताना लागतो. ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द सरकारी कागदांत होता, पण 2006 मध्ये तो बदलून ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल’ असे गटाचे नाव झाले. गाइडने त्याहूनही साधे बोलावे: ‘कातकरी पीपल’, ‘आदिवासी फॅमिलीज’. ‘ट्रायबल्स’ असे नुसते नाम वापरले की माणसे नमुन्यांसारखी वाटू लागतात.

चौथा शब्द लोणावळ्याच्या रेल्वे-इतिहासात भेटतो: ‘अँग्लो-इंडियन’. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकात तो भारतात राहणाऱ्या इंग्रजांसाठी आलेला असतो. मिश्र वंशाच्या लोकांना तेव्हा ‘युरेशियन’ म्हणत. आजचा अर्थ 1911 च्या सुमारास सरकारी वापरात आला आणि पुढे संविधानाच्या 366व्या अनुच्छेदातही दिला गेला. जुने गॅझेटियर वाचून माहिती देणाऱ्याने आधी सालावर नजर टाकावी.

‘ते’ आणि ‘दे’

‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ याचे ‘दे आर इन अ मीटिंग’ असे भाषांतर तळेगावच्या ऑफिसांत रोज होते. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत जात नाही. साहेब कितीही मोठे असोत, ‘ही’, बाई असतील तर ‘शी’. ‘दे’ ऐकल्यावर फोनवरचा माणूस विचारतो, नक्की कोण कोण मीटिंगमध्ये आहे?

उलट दिशेनेही एक गोष्ट घडते आहे. काही परदेशी लोक ईमेलच्या तळाशी नावाखाली ‘शी/हर’, ‘ही/हिम’ किंवा ‘दे/देम’ असे लिहितात. माझा उल्लेख या सर्वनामाने करा, असा त्याचा अर्थ. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एका चौकटीत न बसवणारी व्यक्ती ‘दे’ निवडते. एकवचनी ‘दे’ हा 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाचा वर्षाचा शब्द होता. एकाच माणसाला ‘ते आले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे अंगवळणी पडायला तशी अडचण नसावी. माहीत नसेल तर सर्वनाम टाळून नाव वापरावे.

‘फीमेल’ हे विशेषण आहे. ‘टू फीमेल्स हॅव कम’ हा पंचनाम्याचा थाट झाला; ‘टू विमेन’ म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या पुस्तिकेत ‘हाउसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’ आणि ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी ‘स्ट्रीट सेक्शुअल हॅरॅसमेंट’ असे पर्याय दिले आहेत. शाळा-महाविद्यालयांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ती हाताशी ठेवण्यासारखी आहे.

अपंगत्वाविषयी बोलताना ‘हँडिकॅप्ड रूम’ऐवजी ‘ॲक्सेसिबल रूम’, ‘व्हीलचेअर पेशंट’ऐवजी ‘व्हीलचेअर यूझर’ म्हणावे. ‘डेफ अँड डम्ब’ मात्र पूर्ण सोडावे, कारण ‘डम्ब’चा रोजच्या इंग्रजीतला अर्थ ‘मूर्ख’ असा आहे. ‘ब्लाइंड’ आणि ‘डेफ’ हे शब्द वाईट नाहीत. अनेक अंध आणि बधिर व्यक्ती स्वतःसाठी तेच पसंत करतात.

नाती, फॉर्म आणि चूक झाली तर

मुलीकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला निघालेल्या आईवडिलांना व्हिसाच्या अर्जात नात्यांचा रकाना अडवतो. ‘कझिन ब्रदर’ लिहू नये, ‘कझिन’ एवढेच. ‘रिअल सिस्टर’मधला ‘रिअल’ काढावा. सख्खी बहीण म्हणजे ‘सिस्टर’. पुतण्या आणि भाचा दोघेही ‘नेफ्यू’. वहिनी, नणंद, जाऊ आणि मेव्हणी या चौघींना ‘सिस्टर-इन-लॉ’ हा एकच शब्द, आणि दीर, मेव्हणा, साडू यांनाही मिळून ‘ब्रदर-इन-लॉ’. साडूसाठी आपल्याकडे चालणारा ‘को-ब्रदर’ तिकडच्या अधिकाऱ्याला समजत नाही. नेमकेपणा हवाच असेल तर ‘माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड’ असे उलगडून सांगावे. विमानतळावर स्वागताला येणारा शेजारी खरोखरच नात्याचा नसेल तर त्याला ‘अंकल’ म्हणून दाखवू नये. अधिकारी ते नाते खरे धरतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, आईचा भाऊ की वडिलांचा?

एवढे करूनही शब्द चुकतोच. पाहुण्याने दुरुस्ती केली तर लांबलचक माफी मागत बसू नये. त्यामुळे समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते. ‘सॉरी, मिझ टेलर’ एवढे म्हणावे, रजिस्टरात तसे लिहून ठेवावे म्हणजे रात्रपाळीच्या मुलालाही कळेल, आणि लगेच नाश्त्याची वेळ सांगावी.